बाहेरून आलेली जाग

बसा. समोर एक जुना डेस्कटॉप आहे असं धरा. खरोखरच असला तर उत्तम. टेबलाखाली उभा कॅबिनेट, पुढच्या जाळीत दाट बसलेली धूळ, वर मॉनिटर. 2007 च्या सुमाराचा, कोअर टू ड्युओ प्रोसेसरचा, दोन जीबी रॅम, 80 जीबीची हार्ड डिस्क आणि तिच्यावर विंडोज एक्सपी. तालुक्याच्या गावातल्या डीटीपीच्या दुकानांत आणि लहान छापखान्यांत असे कॉम्प्युटर वर्षानुवर्षं राबले. लग्नपत्रिका, शाळांच्या स्मरणिका, पतसंस्थांचे वार्षिक अहवाल, कुणाच्या पहिल्या कवितासंग्रहाची पानं, सगळं त्यांच्यावर जुळवलं गेलं आणि बहुतेक वेळा फक्त त्यांच्यावरच राहिलं.

आज बटण दाबलं. पंखा फिरला, एक बीप झाली आणि काळ्या पडद्यावर पांढऱ्या इंग्रजी अक्षरांत ओळ येऊन थांबली: चालू होण्याजोगी डिस्क सापडत नाही, डिस्क घाला आणि एखादी कळ दाबा.

अशा वेळी दोन वाक्यं ठरलेली असतात. ‘हार्ड डिस्क गेली’ हे पहिलं. ‘फॉरमॅट मारून देतो’ हे दुसरं. पहिलं ऐकून माणूस घाबरलेला असतो, म्हणून दुसऱ्याला तो चटकन ‘हो’ म्हणून टाकतो. या दोन वाक्यांच्या मधल्या जागेत आज आपल्याला सावकाश बसायचं आहे.

तुमच्या हातात एक बाहेरची हार्ड डिस्क आहे. तिच्यावर लिनक्स आधीच टाकलेलं आहे आणि बरीच जागा मोकळी राखलेली आहे. यूएसबी केबल लावून या कॉम्प्युटरला तिच्यावरून उठवायचं आणि मग आतल्या डिस्कपाशी हलक्या हाताने जायचं. काम एवढंच. ते घाईनेही होतं. आपण ते सावकाश करू, कारण त्यातली प्रत्येक पायरी पाहण्यासारखी आहे.

आधी हात मांडीवर ठेवा आणि पडद्यावरची ओळ पुन्हा एकदा वाचा. ती ओळ कुणी लिहिली? डिस्क तर सापडत नाही म्हणते. म्हणजे लिहिणारा डिस्कवर नाही. मदरबोर्डवर एक नखाएवढी चिप असते, तिच्यात बायोस नावाचा छोटा प्रोग्राम कायमचा बसवलेला असतो. बटण दाबताच वीजपुरवठ्याचा डबा आधी स्वतःचे व्होल्ट स्थिर करतो, ‘आता ठीक आहे’ असा एक संकेत मदरबोर्डला देतो, आणि तो मिळाला की प्रोसेसर डोळे मिटून एका ठरलेल्या पत्त्यावर जातो. त्या पत्त्यावर बायोस असतो. तो रॅम तपासतो, कीबोर्ड आहे का पाहतो, पडद्याला जागं करतो, सगळं बरं असलं की एकदा बीप वाजवतो. ती बीप तुम्ही आत्ता ऐकली.

म्हणजे पाहा, काय काय शाबूत आहे. वीज येते आहे. प्रोसेसर विचार करतो आहे. रॅम घेते आणि देते आहे. अक्षरं उमटत आहेत, म्हणजे दाखवणारंही ठीक आहे. ‘कॉम्प्युटर गेला’ असं आपण म्हणत होतो त्यातला फार मोठा भाग तुमच्यासमोर नीट उभा आहे आणि पुढची सूचना मागतो आहे.

आणि जे गेलं म्हणतो, ते तरी किती गेलं? हार्ड डिस्क सेक्टरांत विभागलेली असते. त्या काळच्या डिस्कवर एक सेक्टर 512 बाइटांचा. 80 जीबीच्या डिस्कवर असे साडेपंधरा कोटींहून अधिक सेक्टर असतात. त्यातला पहिला एक सेक्टर वाचता आला नाही, तरी पडद्यावर हीच ओळ येते. संपूर्ण डिस्क जळून गेली, तरी हीच ओळ येते. केबल नुसती सैल झाली असेल, तरीही हीच. ओळ एकच आहे आणि तिच्यामागच्या शक्यता फार वेगवेगळ्या आहेत. थोडा वेळ या एका गोष्टीवर मन ठेवा. एखादी गोष्ट बंद पडली की आपल्याला एक वाक्य ऐकू येतं आणि त्या वाक्याएवढंच सगळं मोडलं असं आपण धरून चालतो. नेमकं किती मोडलं हे पाहायला वेळ द्यावा लागतो, आणि तो वेळ बहुतेक कुणी देत नाही.

म्हणून आता कॉम्प्युटर बंद करा, वायर काढा, बाजूचा पत्रा उघडा. मऊ ब्रशने धूळ झाडा. आतल्या डिस्कच्या दोन्ही केबल, विजेची आणि डेटाची, काढून पुन्हा नीट बसवा. मदरबोर्डवर साधारण रुपयाच्या नाण्याएवढा चपटा सेल दिसेल. सीआर2032 हा त्याचा नंबर, तीन व्होल्टचा. तारीख-वेळ आणि बायोसची सेटिंग्ज कॉम्प्युटर बंद असताना त्याच्या जोरावर टिकतात. इतक्या वर्षांत तो उतरलेला असण्याची शक्यता मोठी. सेल उतरला की यंत्र दर सकाळी कारखान्यातली तारीख घेऊन उठतं आणि तुम्ही काल सांगितलेलं आज विसरतं. नवा सेल कुठल्याही घड्याळवाल्याकडे मिळतो. तो आधी बदला.

केबल बसवल्यावर विंडोज आपोआप चालू झालं, तर फारच बरं. तरीही पुढचं वाचा, कारण ज्या डिस्कने एकदा हूल दिली तिच्यावरचं काम त्याच दिवशी दुसरीकडे उतरवून घ्यावं असं माझं ठाम मत आहे.

आता बाहेरची डिस्क. ती पुढच्या पोर्टला लावू नका. पुढचे पोर्ट कॅबिनेटमधून वायरीने आणलेले असतात आणि जुन्या यंत्रांत ती वायर बरेचदा दगा देते. कॅबिनेटच्या मागे, कीबोर्ड-माउसच्या पोर्टांशेजारी जे यूएसबी पोर्ट आहेत ते थेट मदरबोर्डला डाखलेले असतात. तिथे लावा, आणि कॉम्प्युटर चालू करण्याआधी लावा. बायोस एकदाच चहूकडे पाहतो, मागाहून आलेल्याची दखल तो घेईलच असं नाही.

डिस्क लहान, म्हणजे अडीच इंची असेल, तर तिला वेगळा अ‍ॅडॅप्टर नसतो, ती पोर्टमधूनच वीज घेते. यूएसबी 2.0 च्या पोर्टने 500 मिलिअँपिअर द्यावेत असं ठरलेलं आहे. फिरती डिस्क एकदा गतीत आली की त्यात भागवते. पण थांबलेल्या तबकड्या पहिल्यांदा फिरवताना तिला काही क्षण जास्त लागतं. जुना पोर्ट तेवढं देऊ शकला नाही तर डिस्क फिरायला लागते, दम तुटतो, पुन्हा फिरायला लागते. कान डिस्कपाशी न्या. अखंड, बारीक घूं असा आवाज असेल तर तिला पुरेसं मिळतं आहे. टिक, थांबा, टिक, थांबा असं होत असेल तर तिला उपाशी काम करायला लावू नका. दोन पोर्टांतून वीज घेणारी दुहेरी केबल येते ती वापरा, किंवा स्वतःच्या अ‍ॅडॅप्टरवर चालणारी साडेतीन इंची डिस्क घ्या.

पाहिलंत, सॉफ्टवेअरचा एक शब्दही अजून निघालेला नाही.

आता बटण दाबा आणि बूट मेनूची कळ थोड्या थोड्या वेळाने दाबत राहा. कुणाची एफ12, कुणाची एफ8, कुठे एफ11, कुठे एस्केप. पहिल्या पडद्याच्या तळाशी बारीक अक्षरांत बहुधा लिहिलेलं असतं. यादी येईल: फ्लॉपी, हार्ड डिस्क, सीडी-रॉम, यूएसबी. काही बायोस यूएसबी डिस्कचं नाव वेगळं दाखवत नाहीत, ‘हार्ड डिस्क’ या ओळीच्या आत शिरलं की तिथे ती दुसऱ्या क्रमांकावर बसलेली असते. लोक बाहेरची यादी पाहून ‘याला यूएसबी जमत नाही’ म्हणून उठतात. आत शिरून पाहा.

यादी समोर असताना लगेच एंटर दाबू नका. हे पान पाहण्याजोगं आहे. हा कॉम्प्युटर रोज सकाळी कुणाकुणाला, कोणत्या क्रमाने विचारतो ते इथे लिहिलेलं आहे. पहिल्याने उत्तर दिलं नाही तर दुसऱ्याला, त्याने नाही दिलं तर तिसऱ्याला. आतल्या डिस्कने आज उत्तर दिलं नाही एवढंच घडलेलं आहे. तुम्ही आता तिला काढून टाकत नाही, पुसत नाही, तिच्या जागी कुणाला बसवत नाही. आजच्यापुरता फक्त दुसऱ्याला आधी विचारता आहात. बूट मेनूतली निवड एका खेपेपुरती असते. उद्या हेच यंत्र पुन्हा जुन्या क्रमाने विचारेल. इतका छोटा, इतका परत घेता येण्याजोगा बदल करून जर काम होणार असेल, तर त्याहून मोठ्या बदलाला हात घालायचं कारण नाही. मला या सगळ्या उद्योगात सर्वात जास्त हेच आवडतं.

बाण खाली. यूएसबी. एंटर.

पडदा काळा होतो. डावीकडे वरच्या कोपऱ्यात एक आडवी रेघ लुकलुकते. इथे माणसं अस्वस्थ होतात आणि बटण दाबून यंत्र बंद करतात. तुम्ही थांबा, कारण या काळोखात जे चाललेलं आहे ते फार सुंदर आहे.

बायोसने बाहेरच्या डिस्कचा पहिला सेक्टर मागवला. 512 बाइट, एवढाच. तो रॅममध्ये एका ठरलेल्या जागी ठेवला. त्याचे शेवटचे दोन बाइट पाहिले: 55 आणि एए. ही खूण असली की बायोस आत काय लिहिलंय ते तपासत बसत नाही. प्रोसेसरला त्या 512 बाइटांच्या पहिल्या बाइटपाशी नेऊन उभं करतो आणि स्वतः बाजूला होतो. त्या 512 मधले शेवटचे दोन खुणेचे, त्याआधीचे 64 डिस्कचे चार भाग, म्हणजे पार्टिशन, कुठून कुठे आहेत ते सांगणारे, आणि उरलेले 446 बाइट प्रत्यक्ष काम करणारे. या परिच्छेदाची अक्षरंसुद्धा त्या 446 बाइटांत मावणार नाहीत. एवढ्याशा जागेत एकच गोष्ट लिहिलेली असते: यानंतरचा प्रोग्राम डिस्कवर कुठे आहे, आणि तो उचलून आणायचा कसा. तो थोडा मोठा प्रोग्राम आणतो. तो आणखी मोठा आणतो. ही मांडणी 1983 ची आहे, आयबीएमने पीसी एक्सटीला 10 एमबीची हार्ड डिस्क दिली तेव्हाची. तुमच्यासमोरच्या यंत्रात ती अजून जशीच्या तशी चालते आहे.

त्यातली एक मर्यादाही माहीत असू द्या. त्या 64 बाइटांच्या तक्त्यात सेक्टरचा क्रमांक 32 बिटांत लिहितात, म्हणून हा तक्ता सुमारे दोन टीबीच्या पुढचं मोजू शकत नाही. त्यापुढे जाण्यासाठी जीपीटी नावाची नवी पद्धत आली, पण जुन्या बायोसांचं तिच्याशी नीट जमेल याचा भरवसा नसतो. म्हणून या कामासाठी दोन टीबीच्या आतली डिस्क घ्यावी, तिच्यावर जुन्याच पद्धतीने, म्हणजे एमबीआर तक्त्याने, पार्टिशन पाडावेत, आणि लिनक्स असलेल्या पार्टिशनवर ‘अ‍ॅक्टिव्ह’ची खूण करावी. काही बायोस ती खूण नसली तर पुढे जातच नाहीत. यंत्र जुनं असेल तर त्याच्याशी त्याला कळेल असंच बोलावं लागतं. आणि एखादा कॉम्प्युटर याहूनही जुना, यूएसबीवरून उठणं ज्याच्या बायोसला ठाऊकच नाही असा असेल, तर प्लॉप बूट मॅनेजर नावाचा चिमुकला प्रोग्राम सीडीवर किंवा फ्लॉपीवर घालून आधी तो उठवायचा. तो पुढे यूएसबीपर्यंत नेतो.

रेघ अजून लुकलुकते आहे? वेळ लागू द्या. यूएसबी 2.0 कागदावर सेकंदाला 480 मेगाबिट नेतं, प्रत्यक्षात तीसेक एमबी. पण या टप्प्यावर वाचन बायोस करतो, आणि काही जुने बायोस नव्या पोर्टवरही पहिल्या यूएसबीच्या, म्हणजे सेकंदाला एखाद्या एमबीच्या संथ चालीने वाचतात. लिनक्सचा कर्नल, म्हणजे त्याचा गाभा, आणि त्यासोबतची फाइल मिळून पन्नास-साठ एमबी सहज होतात. म्हणजे एक मिनिट, कदाचित जास्त. काहीही बिघडलेलं नाही. बाहेरच्या डिस्कवरचा छोटा दिवा लुकलुकत असेल तर वाचन चालू आहे. श्वास सोडा आणि दिव्याकडे पाहत राहा.

यापुढचा टप्पा सर्वात अवघड, आणि इथे मी तुम्हाला जास्त वेळ थांबवणार आहे.

कर्नल रॅममध्ये आला. इथवर त्याला बायोसने आणलं, यूएसबीच्या वाटेने आणलं. आता कर्नल सगळा कारभार आपल्या हाती घेतो, आणि तसं करताना बायोसशी असलेला संबंध तोडतो. यूएसबीची वाट तो नव्याने आपल्या पद्धतीने सुरू करतो, आणि त्यासाठी ती क्षणभर बंद पडते. ज्या डिस्कवरून तो आला, ती डिस्क त्या क्षणी त्याच्या लेखी कुठेच नसते. त्याला ती पुन्हा, स्वतःच्या बळावर शोधावी लागते.

विंडोज एक्सपी इथेच कोसळायचं. कुणी हौसेने एक्सपी बाहेरच्या यूएसबी डिस्कवर घातलं, तर ते अर्धवट उठायचं आणि मग निळा पडदा, 7बी क्रमांकाची चूक: ज्यावरून उठतो आहे ती डिस्कच हाती लागत नाही. कारण एक्सपी आपली डिस्क यंत्राच्या आतच असणार असं गृहीत धरायचं. यूएसबी त्याच्या लेखी प्रिंटर-माउससाठी होती, ती जरा उशिराने, सावकाश जागी केली तरी चालेल अशी. पुढे मायक्रोसॉफ्टने विंडोज 8 च्या वेळी, 2012 मध्ये, ‘विंडोज टू गो’ नावाने बाहेरच्या डिस्कवरून चालणारं विंडोज अधिकृतपणे दिलं, आणि 2020 मध्ये ते काढूनही घेतलं.

लिनक्स इथून पार होतं ते दोन गोष्टींमुळे. पहिली म्हणजे, कर्नलसोबत आलेल्या त्या छोट्या फाइलमध्ये यूएसबी डिस्क ओळखण्यापुरतं सगळं आधीच घेतलेलं असतं, आणि डिस्क लगेच दिसली नाही तर थोडं थांबायची तयारी असते. फिरत्या डिस्कला पुन्हा ‘मी आहे’ म्हणायला काही सेकंद लागतात. ते सेकंद तिला मिळतात. दुसरी गोष्ट ओळखीची. लिनक्स डिस्कना सापडतील त्या क्रमाने नावं देतं, एसडीए, एसडीबी, एसडीसी. आज आतली डिस्क आधी सापडली तर ती एसडीए, उद्या बाहेरची आधी सापडली तर तीच एसडीए. या नावाच्या भरवशावर राहिलं, तर एखाद्या सकाळी यंत्र बाहेरची समजून आतल्या दुखऱ्या डिस्कच्या दारात उभं राहील. म्हणून लिनक्सचं पार्टिशन फॉरमॅट होतानाच त्याला 128 बिटांची एक स्वतंत्र ओळख मिळते, यूयूआयडी. पोर्ट बदला, कॉम्प्युटर बदला, क्रम बदला, ती बदलत नाही. कर्नलला सांगून ठेवलेलं असतं: पहिला कोण येतो ते पाहू नकोस, ही ओळख ज्याच्यापाशी आहे त्यालाच घे.

क्रम आणि ओळख या दोन गोष्टी इथे वेगळ्या होतात, त्या नीट पाहून ठेवा. मघाशी बायोसपाशी आपण क्रमाने काम भागवलं. इथे क्रमावर विसंबणं धोक्याचं आहे.

काही ओळी सरसर वर जातात. मग पडद्यावर रंग येतो, माउसचा बाण येतो.

खेड्यात काडेपेटी दुर्मीळ होती तेव्हा चूल विझली तर शेजारणीकडून शेणीवर विस्तव आणत. विस्तव तिचा, पण चूल आपली, लाकडं आपली, भाकरी आपल्याच घरची. इथेही तसंच घडलेलं आहे. चालतो आहे तो याच यंत्राचा प्रोसेसर, भरते आहे ती याचीच रॅम, दाखवतो आहे तो याचाच मॉनिटर. बाहेरून फक्त जाग आली.

आणि एका प्रश्नाचं उत्तरही मिळालं. यंत्र बाहेरच्या डिस्कवर नीट चाललं, म्हणजे दोष आतल्या डिस्कमध्ये किंवा तिच्या वाटेत आहे. इथेही अडखळलं असतं, तर रॅमकडे आणि मदरबोर्डकडे पाहावं लागलं असतं. आतली डिस्क काढून दुसऱ्या कॉम्प्युटरला लावता येते आणि पुष्कळदा तेही योग्यच असतं. पण त्यातून हे यंत्र कसं आहे ते कळत नाही.

आता फाइल मॅनेजर उघडला तर कडेला आतल्या डिस्कचं चित्र दिसेल, कदाचित. क्लिक करावंसं वाटेल. हात आवरा. आजारी डिस्कवर फोल्डर उघडून फाइली चाळत बसणं म्हणजे तिच्या हेडला इकडून तिकडे धावायला लावणं, आणि किती धावणं तिच्यात उरलं आहे हे कुणालाच माहीत नाही. शिवाय नुसतं जोडल्यानेही तिच्यावर काहीबाही लिहिलं जाऊ शकतं. म्हणून आधी ती आहे तशी, सेक्टरमागून सेक्टर, संपूर्ण उतरवून घ्यायची. आत काय आहे ते मग त्या प्रतीत पाहायचं.

यासाठी जीएनयूचं डीडीरेस्क्यू आहे. त्याची काम करायची रीत फार शहाणी आहे. साधा कॉपी करणारा प्रोग्राम पहिल्या खराब सेक्टरवर अडतो, तिथेच पुन्हा पुन्हा डोकं आपटतो, आणि त्या आपटण्यात डिस्कचा उरलासुरला जीव जातो. डीडीरेस्क्यू जिथे अडतं तिथून पुढे उडी मारतं. पहिल्या फेरीत जे सहज येतं तेवढं सगळं घेतं. मग मागे राहिलेल्या पट्ट्यांच्या कडा दोन्ही बाजूंनी सोलत आत जातं. मग उरलेलं एकेक सेक्टर करून खरवडतं. आणि कुठलं आलं, कुठलं राहिलं याची नोंद एका मॅप फाइलमध्ये सतत ठेवतं, त्यामुळे मध्येच वीज गेली तरी ते दुसऱ्या दिवशी तिथूनच पुढे चालू लागतं. आपल्याकडच्या लोडशेडिंगमध्ये ही नोंद म्हणजे मोठाच आधार.

आज्ञा देण्यापूर्वी एक गोष्ट मोठ्याने वाचा: कुठून, आणि कुठे. आतली डिस्क पहिली, मग बाहेरच्या डिस्कवरच्या मोकळ्या जागेतलं फाइलचं नाव. हे उलटं झालं तर जे वाचवायला बसलो तेच पुसलं जाईल. डिस्कचं नाव, तिचा आकार, 80 जीबीच आहे ना, दोनदा ताडून पाहा. ती मोकळी जागा एफएटी32 ने फॉरमॅट केलेली नाही ना तेही पाहा. त्यात चार जीबीपेक्षा मोठी एक फाइल मावत नाही, आणि इथे एकच फाइल 80 जीबीची होणार आहे.

डिस्क धडधाकट असेल तर तासाभराच्या आसपास काम होतं. दुखरी असेल तर रात्र जाईल. पडद्यावरचे आकडे वाढत राहतील. तुम्ही उठलात तरी चालेल. पण थोडं बसलात तर एक गोष्ट दिसेल. पहिल्या फेरीतच बहुतेक सगळं येऊन जातं. ज्या डिस्कला ‘गेली’ म्हटलं होतं, तिच्यावरचं पुष्कळ काही नुसतं विचारायची खोटी असल्यासारखं उतरत राहतं.

उतरल्यावर ती फाइल केवळ वाचण्यापुरती जोडा आणि आत शिरा. ‘डॉक्युमेंट्स अँड सेटिंग्ज’, ‘डी’ ड्राइव्हवरची गिऱ्हाइकांच्या नावांची फोल्डरं, पेजमेकरच्या फाइली. आणि इथे, फक्त मराठीत काम केलेल्या माणसांना कळेल अशी, एक शेवटची सावधगिरी.

त्या फाइली घेतल्या म्हणजे मजकूर मिळाला असं नाही. युनिकोडमध्ये देवनागरी 1991 पासून आहे, विंडोज 2000 पासून मंगल फॉन्टही आहे. पण पेजमेकरला युनिकोडची देवनागरी कधी आली नाही, आणि डीटीपीचं बरंचसं मराठी काम त्यातच होत राहिलं. त्यासाठीचे फॉन्ट जुन्या घडणीचे: फाइलमध्ये साठतात ती रोमन अक्षरांची आणि चिन्हांची ठिकाणं, आणि त्या ठिकाणी ‘क’ काढायचा की ‘ज्ञ’ हे फॉन्ट ठरवतो. तो फॉन्ट नसेल तर एखाद्याच्या आईवरचा श्रद्धांजलीचा लेख कंस, टक्के आणि सुटी रोमन अक्षरं यांचा ढीग होऊन समोर येतो. मजकूर सगळा तिथेच असतो, वाचता येत नाही. म्हणून विंडोजच्या फोल्डरमधलं ‘फॉन्ट्स’ हे फोल्डर आधी उचला, मग बाकीचं. जुन्या मराठी सॉफ्टवेअरांना मागच्या प्रिंटर-पोर्टला लावायचं डोंगल, म्हणजे परवान्याची किल्ली, लागायचं. ते असेल तर या कॉम्प्युटरपासून दूर करू नका. नव्या लॅपटॉपला कदाचित तो पोर्टच नसेल. हे जुनं यंत्र जपायचं एक मोठं कारण ते डोंगल आहे.

यानंतरचं सरळ आहे. तेवढ्याच किंवा मोठ्या आकाराची नवी एसएसडी आत बसवून उतरवलेली ती फाइल तिच्यावर परत लिहिता येते. पहिला सेक्टरच वाचला गेला नसेल तर टेस्टडिस्क नावाच्या प्रोग्रामने पार्टिशनचा तक्ता शोधून काढता येतो आणि एक्सपीच्या सीडीवरून तिथला प्रोग्राम पुन्हा घालता येतो. एक्सपी उठेल, त्याच फॉन्टांसह, त्याच डोंगलसह. त्याला इंटरनेटची केबल मात्र लावू नका. त्याच्या सुरक्षेची डागडुजी 8 एप्रिल 2014 ला थांबली. नेटवरचं काम बाहेरच्या डिस्कवरून लिनक्समध्ये करा. कोअर टू ड्युओ 64 बिटांचा आहे, त्याच्यावर 2025 मध्ये आलेलं डेबियन 13 सुद्धा चालतं, हलका डेस्कटॉप निवडला की दोन जीबी रॅममध्ये भागतं. त्याआधीच्या 32 बिटांच्या पेंटियम 4 साठी डेबियन 12 घ्यावं लागेल.

80 जीबीची ती फाइल, तिची मॅप फाइल आणि फॉन्टांचं फोल्डर यांची आणखी एक प्रत वेगळ्या डिस्कवर काढा. ती दुकानात ठेवू नका, घरी ठेवा. डिस्कवर चिठ्ठी चिकटवा: कोणत्या यंत्राची, कोणत्या तारखेला उतरवलेली, आणि कोणत्या सॉफ्टवेअरने उघडते.